कौल काढून ठेवलेले अठरा दिवस

त्या दोघी दुकानात आल्या तेव्हा साडेदहा वाजले होते आणि त्यांची परतीची एसटी चारची होती. जूनचा दुसरा आठवडा, बुधवार. पाऊस असा की देवरूखचं स्टँड समोर असूनही दिसत नव्हतं, नुसता कंडक्टरच्या घंटीचा आवाज यायचा. दोघी बचत गटाच्या. थोरलीच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली आगळाची बाटली होती, कारण लेबल बाटलीला पुरतं की नाही ते लावूनच बघायचं होतं. तिच्या उजव्या हाताची बोटं पेरांपर्यंत जांभळट झालेली. कोकमाचा तो रंग साबणाने जात नाही, नखांच्या कडेला तर पाऊस संपेपर्यंत राहतो. एकशे वीस लेबलं हवी होती, रंगीत, स्टिकर पेपरवर. रात्रीच्या मुंबईच्या गाडीत खोकी टाकायची होती. डिझाइन मी आदल्या रात्रीच करून ठेवलेलं. लाल पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘कोकम आगळ’, खाली माप, पॅकिंगची तारीख, गटाचं नाव. एका पानावर बारा, म्हणजे दहा पानं. फार तर अर्ध्या तासाचं काम. मी प्रिंट दिली.

प्रिंटर हललाच नाही.

सकाळी शटर वर केलं तेव्हाच कॉम्प्युटरवर ठिपके गोल फिरत होते आणि टक्के मोजले जात होते. ‘अपडेट सुरू आहे, बंद करू नका.’ त्याची मला सवय आहे. चहा होईपर्यंत ते आटपतं. पण आता प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला, कागद घातलेला, शाई भरलेली, आणि काम रांगेत दिसायचं, क्षणभर थांबायचं, नाहीसं व्हायचं. चूक दाखवणारा संदेशही नाही. मी वायर काढून घातली. दुसऱ्या पोर्टला लावली. प्रिंटर काढून टाकून पुन्हा जोडला, ड्रायव्हर नव्याने टाकला, दोनदा रीस्टार्ट केलं. प्रत्येक रीस्टार्टला पाच-सात मिनिटं, आणि त्या मिनिटांत दोघी माझ्या चेहऱ्याकडे बघत बसलेल्या. धाकटी एकदा हळूच म्हणाली, “ताई, गाडी चुकंल वो.” तक्रारीचा सूर नव्हता, तेच जास्त लागलं. साडेबाराला मी रत्नागिरीच्या आमच्या मेकॅनिक पोराला फोन लावला. त्याच्याकडे सकाळपासून असेच चार फोन आले होते. तो म्हणाला, “ताई, रात्री आलेलं सिक्युरिटी अपडेट उडवा आणि पुढची पॉज करून ठेवा. चालू होईल.”

मी उडवलं. तारीख बघितली, अनइन्स्टॉल दाबलं, पुन्हा ठिपके, पुन्हा टक्के. आणि मग रोलरचा तो ओळखीचा खरखर आवाज, आणि लाल पट्टी ओळीओळीने बाहेर येऊ लागली. थोरलीने पहिलं लेबल स्वतः सोलून बाटलीवर लावलं, पदराने दाबून हवा काढली आणि बाटली उजेडाकडे धरली. आगळाच्या त्या काळपट लाल रंगावर अक्षरं खरोखर उठून दिसत होती. पावणेचारला दोघी एकाच छत्रीतून रस्ता ओलांडून गेल्या. दारात उभी राहून मी गाडी सुटताना बघितली. मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं खोटं नव्हतं, हे आधीच सांगते, कारण पुढे जे वाटत राहिलं त्याने ते पुसलं गेलेलं नाही.

रात्री दुकान बंद करताना पडद्याच्या कोपऱ्यात ओळ आली: सुरक्षेची महत्त्वाची अपडेट बाकी आहेत. मी ती बंद केली. पण त्या खिडकीमागे माझा डेस्कटॉप होता आणि डेस्कटॉपवर ‘स्कॅन’ नावाचा फोल्डर. कधीतरी साफ करू म्हणून राहिलेला. मी तो उघडला. आधार कार्डं, पॅन कार्डं, पासबुकांची पहिली पानं, सातबारे, शाळा सोडल्याचे दाखले, एका आजीच्या अंगठ्याचा ठसा असलेलं प्रतिज्ञापत्र, कुणाच्या तरी मुलीचा जातीचा दाखला. फाइलींना मी घाईत दिलेली नावं: ‘काकी आधार’, ‘वरचीवाडी ७-१२’, ‘नवीन नवीन २’. शेकडो. लोक माझ्याकडे येतात, पिशवीतून प्लॅस्टिकची घडी काढतात, तिच्यातून कागद काढून माझ्या हातात देतात, झेरॉक्स झाली की मूळ कागद मोजून परत घडीत ठेवतात. तो कागद ते दहादा तपासतात. त्याची एक प्रत माझ्या मशीनमध्ये राहून गेली आहे, याचा विचार त्यांच्या मनात येत नाही, आणि यायची गरजही नसावी. तो विचार मी करायचा असतो.

आणि त्या दिवशी दुपारी मी त्या सगळ्यांच्या वरचं एक कौल काढून ठेवलं होतं.

कौल हा शब्द आपसूक आला, कारण आमचं गावातलं घर नळ्याच्या कौलांचं. मे महिना सरत आला, आभाळ दुपारनंतर भरून यायला लागलं की शाकारणी. दोन गडी वर चढायचे, आढ्यापासून खाली येत एकेक पट्टा उतरवायचे. कौलं झाडायची, फुटकी बाजूला काढायची, कुजकी रीप बदलायची, मग एक रांग उताणी आणि तिच्या सांध्यांवर एक रांग पालथी, अशी पुन्हा बसवायची. एरवी दिवसासुद्धा अंधार असणाऱ्या माजघरात ते दोन दिवस ऊन यायचं. धुराने काळ्या झालेल्या वाशांवर ऊन पडलेलं वर्षात तेवढंच दिसायचं. त्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ, आंब्याची वाळकी पानं, पालीच्या अंड्यांची टरफलं, उंदराने नेलेली चिंधी असं सगळं तरंगत खाली यायचं. आजी देव्हाऱ्यावर जुनं लुगडं टाकायची, आई पिण्याच्या पाण्याचे हंडे पडवीत नेऊन झाकायची. जेवण अंगणात. आम्हा मुलांना तो सण वाटायचा. आईला वाटत नसावा. दोन दिवस पाडलेली धूळ तिला पुढचे आठ दिवस निपटावी लागायची.

पण माझ्या मनात राहिलेली गोष्ट शाकारणीनंतरची आहे. पहिला पाऊस आला की घर गप्प व्हायचं आणि सगळे वर बघत बसायचे. कुठेतरी गळायचंच. गेल्या वर्षी जिथे गळत होतं तिथे कोरडं, आणि जिथे जन्मात गळलं नव्हतं तिथे, नेमकं अंथरुणांच्या पेटाऱ्यावर, टप टप. परातीत पडलेल्या थेंबाचा आवाज वेगळा, पितळी तपेल्यातला वेगळा, आणि भांडं अर्धं भरलं की पुन्हा वेगळा. बाबा बॅटरी आणि वेळूची काठी घेऊन माळ्यावर चढायचे, खालून काठीच्या टोकाने एकेक कौल अंदाजाने उचलून सरकवायचे, आणि खाली आम्ही ओरडायचो, “थांबलं! नाही, परत लागलं!” एकदा काका चिडून म्हणाला, की पैसे देऊन गळकं करून घेतलं. बाबा वरूनच म्हणाले, “वर चालल्याशिवाय शाकारता येत नाही, आणि माणूस चालला की एखादं कौल सरकतंच.” गड्यांना ते कधी बोलले नाहीत. ताईच्या लग्नाच्या वर्षी पैसे नव्हते म्हणून शाकारणी राहिली. त्या पावसात विशेष गळलं नाही. दुसऱ्या वर्षीही मग टाळली. तिसऱ्या वर्षी श्रावणात मागच्या कोपऱ्याचा वासा मऊ झालेला निघाला, आणि एका रात्री गोठ्याच्या बाजूचं छप्पर खाली बसलं. गाय वाचली. तो वासा मी हाताने दाबून बघितला होता. ओल्या भाकरीसारखा दबत होता.

अपडेटचं गणित मी या धंद्यात आल्यावर हळूहळू शिकले. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची ठिगळं एकदम द्यायची ही मायक्रोसॉफ्टची पद्धत २००३ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडे मंगळवार रात्रीचे साडेदहा, आणि त्यांची घड्याळं हिवाळ्यात मागे गेली की साडेअकरा. म्हणून आपला गोंधळ बुधवारी सकाळी दुकान उघडल्यावर असतो. एक दिवस ठरलेला असला की मोठ्या कचेऱ्यांना आधी तयारी करता येते, हा त्यातला विचार. पण त्याची एक दुसरी बाजू आहे, आणि ती कळल्यापासून मला ‘पॉज’चं बटण हलकं वाटत नाही. ठिगळ जाहीर झालं की भोक कुठे होतं तेही जाहीर होतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते बघणारी माणसं जगात आहेत. काही भल्यासाठी बघतात, काही नाही. म्हणजे ज्याने अपडेट घेतलं नाही त्याचं घर मंगळवारपेक्षा बुधवारी जास्त उघडं असतं. काल भोक होतं पण फार थोड्यांना माहीत होतं. आज ते सगळ्यांना दाखवून दिलेलं आहे, आणि मी ते तसंच ठेवलं आहे.

२०१७ मध्ये हे सगळ्या जगाने बघितलं. विंडोजमधल्या एका भगदाडाचं ठिगळ १४ मार्चला आलं. महिन्याभराने, १४ एप्रिलला, त्याच भगदाडातून शिरायचं अमेरिकी हेरखात्याचं चोरीला गेलेलं हत्यार इंटरनेटवर उघडं पडलं. आणि १२ मेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस सुटला. ठिगळ मिळून एकोणसाठ दिवस झाले होते. दीडशेवर देशांत पडद्यांवर खंडणीची लाल पाटी आली, इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतल्या हजारो तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. त्या वेळी मी वाचलं होतं की ‘हलगर्जीपणा’ झाला. आता तो शब्द माझ्याने सहज लिहवत नाही. रुग्णालयातल्या मशीनला जोडलेला कॉम्प्युटर अपडेट करायचा म्हणजे मशीन बंद पडण्याची भीती, आणि बाहेर बाकावर माणूस बसलेला. तिथल्या कुणीतरी तो समोरचा माणूस बघितला असेल. माझ्यासमोर तर नुसती लेबलं होती, आणि चारची गाडी.

त्याच वर्षी जूनच्या २७ तारखेला जे झालं ते आमच्या जास्त जवळचं. आमच्या भागातली कितीतरी मुलं उरणच्या बाजूला ट्रेलरवर, यार्डात कामाला आहेत, त्यामुळे न्हावाशेवाची बातमी इथे परक्यासारखी वाचली जात नाही. नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला तो युक्रेनमधून, आणि मर्स्क या जहाज कंपनीमार्फत न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचला. तिथली कामं थांबली, कंटेनर अडकले. मला हादरवणारी गोष्ट ही, की तो शिरला होता अपडेटमधूनच. युक्रेनमध्ये हिशेबासाठी आणि करभरण्यासाठी वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर होतं, त्याच्या अपडेटच्या वाटेतच घुसखोरांनी विष मिसळलं. ज्यांनी नेमाने अपडेट घेतलं त्यांच्याच घरात ते आधी आलं. शाकारायला आलेल्या गड्यानेच घर फोडावं तसं. मर्स्कला नंतर दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या सगळ्या जाळ्याची नोंद ठेवणारे मुख्य सर्व्हर जगभर पुसले गेले होते, एक सोडून. तो घानामध्ये होता, आणि हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेलेली असल्यामुळे तो बंद होता. हे वाचलं त्या रात्री आमच्याकडेही वीज नव्हती. अंधारात फोनच्या उजेडात मी ते दोनदा वाचलं.

त्यामुळे आमच्या धंद्यातले लोक अपडेटला घाबरतात तेव्हा मला त्यांचं म्हणणं कळतं. डीटीपीच्या प्रत्येक दुकानात एक म्हातारा कॉम्प्युटर असतो. त्याच्यावर जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, मागे लावलेलं डोंगल, आणि पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका. नव्या सिस्टिमवर ते चालत नाही, जुन्या फाँटमधली अक्षरं उघडतच नाहीत किंवा उघडली तर इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. म्हणून त्याची इंटरनेटची वायर कायमची काढून ठेवायची. मीही ठेवली आहे, आणि तो उपाय योग्यच आहे. पण रोजच्या मशीनची वायर काढता येत नाही. अर्ज ऑनलाइन, दाखले ऑनलाइन, पैसे भरणं ऑनलाइन. ‘अपडेट बंदच करून टाका’ हा सल्ला देणारा मेकॅनिक वाईट नसतो. त्याला गिऱ्हाईक सोडवायचं असतं. तरीही तो सल्ला मला पटत नाही. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगातले पंच्याऐंशी लाख कॉम्प्युटर आडवे केले आणि विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले, तेव्हा बाजारात मला तिघांनी ऐकवलं, “बघा ताई, म्हणून आम्ही घेतच नाही.” ती फाइल अठ्ठ्याहत्तर मिनिटांत मागे घेतली होती. पण आधीच पडलेल्या मशीनपाशी माणसाला स्वतः जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून, ती हाताने काढावी लागली, एकेक करत. मला त्या माणसांची आठवण येते. ज्यांची नावं कुठे आली नाहीत, ज्यांनी शनिवार-रविवार कुठल्या तरी तळघरातल्या कॉम्प्युटरसमोर काठीने कौल सरकवत काढला.

आणि अपडेट म्हणजे नुसतं संकट नसतं, हेही मला सांगायचं आहे. १५ जुलै २०१० ला रुपयाचं चिन्ह मंजूर झालं. पुढे कितीतरी दिवस आमच्या मशीनवर त्या जागी रिकामा चौकोन यायचा, लोक हौसेने मागायचे आणि मी ‘रु.’ लिहून द्यायची. एका सकाळी अपडेटनंतर तो चौकोन गेला आणि ₹ उमटलं. मी ते उगीचच पन्नासच्या आकड्यात मोठं करून छापलं. त्याआधी तसंच ॲ चं. मराठीला लागणारं ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, पण माझ्या मशीनवर पोचायला बराच काळ गेला. तोवर वकिलांच्या लेटरहेडवरचं ‘ॲड.’ ही रोजची अडचण. अ वर चंद्र ठेवायला जावं तर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उभं राहायचं, आणि मग ते खोडून चित्रासारखं जोडावं लागायचं. कुठल्या तरी दूरच्या टेबलावर बसून कुणीतरी माझ्या भाषेचं ते अक्षर रांगेत बसवलं आणि ते रात्रीतून माझ्यापर्यंत आलं. त्याच वाटेने ठिगळं येतात. ती वाट मी बंद करून ठेवली होती.

अठरा दिवस. रोज सकाळी वाटायचं आज करू, आणि रोज सकाळी कुणीतरी दारात उभं असायचं. प्रवेशाचे दिवस, उत्पन्नाच्या दाखल्यांची गर्दी, आणि प्रत्येकाची आजच शेवटची तारीख. त्यातल्या कुणाला मी सांगणार होते, की प्रिंटर पुन्हा अडेल म्हणून तुम्ही उद्या या?

एका रविवारी दुकान बंद ठेवून मी बसले. इन्व्हर्टर भरलेला आहे ना ते बघितलं. कामाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या. मग ‘स्कॅन’चा फोल्डर. तो एका झटक्यात पुसता आला असता, पण मी एकेक फाइल उघडून बघितली आणि मग पुसली. तेवढं मला त्या लोकांचं देणं वाटलं. त्यात किती वेळ गेला ते सांगत नाही. अंगठ्याच्या ठशाच्या त्या कागदापाशी मी बराच वेळ थांबले. ठशाच्या रेषा स्कॅनमध्ये इतक्या स्वच्छ आल्या होत्या की मधली जुनी जखमेची खूणसुद्धा दिसत होती, विळ्याची असावी. तोही पुसला. रिसायकल बिन रिकामी केली. प्रिंटरच्या कंपनीने मधल्या काळात नवा ड्रायव्हर दिला होता, तो आधी टाकला, मग अपडेट. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दीड तास. बाहेर पाऊस पडत होता आणि दुकानाच्या पत्र्यावर त्याचा आवाज एवढा होता की रीस्टार्टची शिट्टी ऐकूच आली नाही.

चाचणीसाठी समोर होतं तेच पान दिलं, आगळाची लेबलं. प्रिंटर हलला. खरखर, लाल पट्टी, पांढरी अक्षरं. मी पान उचलून उजेडात धरलं. ‘आगळ’मधला ळ नीट होता, चंद्र-बिंदू जागेवर होते. फक्त सगळं पान दोन मिलिमीटर खाली सरकलं होतं, त्यामुळे शेवटच्या ओळीतल्या तिन्ही लेबलांवर गटाचं नाव कापलं जात होतं. मी समास बदलून पुन्हा छापलं, पुन्हा मोजलं, आणि तिसऱ्या पानाला जमलं. तेव्हापासून हा प्रिंटर प्रत्येक वेळी दोन मिलिमीटर खालीच छापतो आणि मी प्रत्येक वेळी वर घेते.

काल थोरलीचा फोन आला. आगळ संपलं, आता आमसुलं आहेत, पाकिटांवर लावायला दोनशे लेबलं हवीत, बुधवारी येऊ का. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. दुसरा मंगळवार मी आता वर्षभराचा पेन्सिलीने गोल करून ठेवला आहे.

“बुधवारी नको,” मी म्हटलं, “गुरुवारी या. बुधवारी मला मशीन बघायचं असतं.”

“बरं, गुरुवारी येतो. पहिल्या गाडीनंच येतो,” ती म्हणाली. “पाकीट आणू ना मापाला?”

“आणा,” मी म्हटलं.